शीड आखडणे म्हणजे माघार नव्हे

आमच्या शाळेत भिंतीभिंतीवर घोषवाक्ये आहेत. मेसच्या दारावर, पीटी ग्राउंडच्या कमानीवर, हाउसच्या जिन्यात. बहुतेक सगळी एकच गोष्ट सांगतात : पुढे चला, थांबू नका, मागे पाहू नका. परेडसाठी आणि क्रॉस कंट्रीसाठी ती बरोबरच आहेत. पण ज्या दिवशी आमच्या नौदल विंगचे कॅडेट शिडाच्या बोटीत बसतात, त्या दिवशी ही घोषवाक्ये किनाऱ्यावर ठेवून जावीत, असे माझे स्पष्ट मत आहे. बोटीतला पहिला धडा शीड कमी कसे करायचे, हा असावा. शर्यत, वेग, पदके यांची ओळख त्यानंतर व्हावी. आज नेमके उलटे होते.

रायपूरच्या मासिकात हा विषय कशाला, असे कुणी म्हणेल. छत्तीसगडला समुद्रकिनारा नाही. विशाखापट्टणमचा समुद्र पाहायचा तर रात्रभर रेल्वेत बसावे लागते. तेलीबांधा तलावाकाठच्या रस्त्याला आपण हौसेने 'मरीन ड्राइव्ह' म्हणतो, एवढाच काय तो आपला सागरी वारसा! पण महानदी आपल्याच धमतरी जिल्ह्यात, सिहावाच्या डोंगरात उगम पावते. गंगरेलच्या धरणात ती इतकी पसरते की पलीकडचा काठ धूसर दिसतो. पुढे ओडिशात तिचे फाटे फुटतात आणि त्यांतले काही चिलिका सरोवराला मिळतात. त्याच चिलिकाच्या काठी नौदलाच्या आयएनएस चिल्का या तळावर एनसीसीच्या अखिल भारतीय यॉटिंग स्पर्धा भरतात. म्हणजे आपल्या घरचे पाणी आपल्या आधीच तिथे पोहोचलेले असते. आपले कॅडेटही तिथे जाण्याची स्वप्ने पाहतात. मग जाण्याआधी काय शिकून जायचे, हा प्रश्न आपलाही आहे.

आधी वाऱ्याचा हिशेब समजून घेऊ, कारण सगळे त्यावर उभे आहे. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की शिडावरचा जोर दुप्पट होत नाही, चौपट होतो. जोर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. वारा १० नॉटचा असताना शिडावर जेवढा दाब असतो, त्याच्या जवळजवळ दुप्पट दाब १४ नॉटला असतो आणि २० नॉटला चौपट. नॉट म्हणजे ताशी सुमारे १.८५ किलोमीटर. म्हणजे १० नॉटचा वारा ताशी साडेअठरा किलोमीटरचा झाला; सायकलवर जोरात पॅडल मारताना तोंडावर येतो तेवढा. त्यात फक्त चार नॉटची भर पडली की बोटीवरचे ओझे दुप्पट! चार नॉटची भर गालाला फारशी जाणवत नाही. बोटीला मात्र लगेच जाणवते. ती एका अंगावर कलते, सुकाणू जड होते आणि कडेवरून पाणी आत येऊ लागते.

यावर उपाय सरळ आहे. दाब दुप्पट झाला तर कापड कमी करा. घरी आजोबा म्हणतात, अंथरूण पाहून पाय पसरावेत. बोटीत वारा पाहून शीड पसरावे. शीड लहान केल्याचा आणखी एक फायदा असतो. शिडाचा वरचा भाग जेवढा उंच, तेवढी त्याला बोट उलटवण्याची ताकद जास्त, कारण तरफेचा दांडा लांब होतो. शीड खाली घेतले की दाबही घटतो आणि दांडाही आखूड होतो. आठवीच्या विज्ञानाच्या पुस्तकापलीकडचे यात काही नाही.

तरीही माणसे शीड कमी करायला उशीर लावतात. माझ्या मते याची दोन कारणे आहेत. एक वाऱ्याच्या फसवेपणात आहे आणि दुसरे आपल्या स्वभावात.

फसवेपणा असा : बोट वाऱ्याच्याच दिशेने पळत असते तेव्हा वारा कमी भासतो. वारा १५ नॉटचा आणि बोट ५ नॉटने त्याच्याबरोबर निघालेली असेल, तर पाठीला फक्त १० नॉट जाणवतात. ऊन असते, बोट झकास पळत असते, कुणाला कशाला शंका येईल? पण परतीसाठी बोट वळवून वाऱ्याच्या रोखाने आणली, की बोटीचा वेग वाऱ्यात मिळतो आणि तोच वारा १८ नॉटच्या आसपास भासू लागतो. जोराच्या हिशेबात ही तिपटीहून अधिक वाढ झाली आणि तीही अर्ध्या मिनिटात. म्हणून निर्णय जाताना घ्यायचा असतो, वळताना नाही. वळण्याआधी मागे पाहायचे, पाणी पाहायचे. पाण्यावर जागोजागी पांढरे तुरे उठू लागले असतील तर वारा साधारण ११ ते १६ नॉटच्या घरात गेला आहे, असे ब्यूफोर्टचे कोष्टक सांगते. आमच्यासारख्या नवशिक्या कॅडेटांसाठी तेवढी सूचना पुरेशी असावी.

जुन्या दर्यावर्दी लोकांचा याबाबत एक साधा नियम आहे. शीड आखडावे का, असा प्रश्न मनात पहिल्यांदा आला, की तेव्हाच आखडावे. चर्चा करून दुसऱ्यांदा प्रश्न पडेपर्यंत हात भरलेले असतात.

आता उपायांकडे येतो. आमच्या अनेक मित्रांना वाटते की शीड कमी करणे म्हणजे एकच कृती. प्रत्यक्षात ती पायऱ्यांची शिडी आहे आणि कॅडेटला प्रत्येक पायरी पाठ हवी.

पहिल्या पायरीवर कापड तेवढेच ठेवून जोर सोडतात. शिडाला आवरणारा दोर, ज्याला शीट म्हणतात, तो ढिला केला की शीड फडफडते आणि वारा निसटून जातो. झुळूक आली की शीट सोडायची, गेली की ओढायची. म्हणून लहान बोटीत मुख्य शिडाची शीट कधीही पक्की बांधून ठेवू नये, ती हातातच असावी. याच पायरीवर शिडाचा फुगवटा कमी करता येतो. बूमवरचा दोर ताणून शिडाची खालची कड ताठ केली आणि किकर आवळला, की शीड सपाट होते आणि त्याची ओढ घटते. पण शीड सतत फडफडत ठेवणे हा काही तासभराचा उपाय नाही. कापड झिजते, बूम डोक्यावर आपटू शकते आणि हात थकतात.

दुसरी पायरी म्हणजे एक शीड पूर्ण उतरवणे. एनसीसीच्या एंटरप्राइज बोटीला दोन शिडे असतात, पुढे लहान जिब आणि मागे मोठे मेनसेल. ही बोट ४.०४ मीटर लांब, दोघांनी चालवायची. जॅक होल्ट यांनी ती १९५०च्या दशकात आखली. जिब उतरवले तर बोट नुसत्या मेनसेलवर चालू शकते. ती थोडी वाऱ्याकडे तोंड फिरवू पाहते, पण ताब्यात राहते आणि वाऱ्याच्या रोखाने घरी आणता येते. उलट मेनसेल उतरवून नुसते जिब ठेवले, तर बोट वाऱ्याबरोबर निवांत जाते, पण वाऱ्याच्या बाजूला वळायला कुरकुर करते. म्हणजे कोणते शीड उतरवायचे, हे घर कोणत्या दिशेला आहे त्यावर ठरते. इथे एक धोका सांगितलाच पाहिजे. काही बोटींत जिबच्या कडेतून गेलेली तारच डोलकाठीला पुढून धरून ठेवते. पुढे वेगळी तार नसेल आणि जिब सोडले, तर डोलकाठीच मागे कोसळू शकते. ही तपासणी किनाऱ्यावर करायची असते, पाण्यावर नाही.

तिसरी पायरी खरी 'रीफ'ची. शिडाच्या खालच्या भागात छिद्रांची एक आडवी रांग असते. शीड थोडे खाली घेऊन त्या रांगेपर्यंतचे कापड बूमवर आवळतात. त्यामुळे मेनसेल साधारण पाव ते एक तृतीयांश भागाने लहान होते. हे करताना क्रम महत्त्वाचा. बोट वाऱ्याच्या रोखाच्या जवळ आणायची आणि शीट व किकर ढिले करायचे. हॅलियार्ड, म्हणजे शीड वर चढवणारा दोर, बेताने सोडायचा. आधी डोलकाठीजवळची पुढची कडी आकड्यात अडकवायची आणि हॅलियार्ड पुन्हा ताठ करायचा. मग मागची कडी मागे आणि खाली ओढून बूमला आवळायची. त्यानंतर मधले लोंबते कापड गुंडाळून बारीक दोऱ्यांनी सैलसर बांधायचे. भार पुढच्या आणि मागच्या कडीवरच पडला पाहिजे. बारीक दोऱ्यांवर भार आला की शीड तिथूनच फाटते. म्हणून सोडताना क्रम उलटा : आधी बारीक दोऱ्या, मग मागची कडी, शेवटी पुढची. गंमत म्हणजे या दोऱ्यांना मारायची गाठ आपल्या प्रत्येक कॅडेटला येते. प्रथमोपचारात बँडेजला मारतो तीच रीफ नॉट. तिचे नावच या कामावरून पडले आहे. दोन वर्षे आम्ही ती गाठ मारत होतो, पण तिचा शिडाशी संबंध आहे, हे कुणी सांगितले नव्हते.

बोटीप्रमाणे ही पायरी बदलते. लेझर बोटीचे शीड डोलकाठीवर मोज्यासारखे चढवलेले असते. तिथे डोलकाठी फिरवून एक-दोन वेढे दिले की शीड लहान होते, मात्र हे काम किनाऱ्यावरच केलेले बरे. लहान मुलांच्या ऑप्टिमिस्ट बोटीत शिडाचे वरचे टोक एका तिरप्या काठीने उचललेले असते. ती काठी काढली की शिडाचा वरचा कोपरा खाली पडतो आणि जवळजवळ निम्मा जोर जातो. दिसायला ते शीड चुरगळलेल्या उशीसारखे दिसते. दिसू दे.

चौथ्या पायरीवर बोट थांबवून ठेवतात. जिब उलट्या बाजूला ओढून धरायचे, मेनसेल ढिले सोडायचे आणि सुकाणूचा दांडा वाऱ्याच्या विरुद्ध बाजूला ढकलून ठेवायचा. मग बोटीतल्या ओढी एकमेकींना अडवतात आणि बोट जागच्या जागी हळूहळू सरकत राहते. श्वास घ्यायला, लाइफ जॅकेट आवळायला, पाणी उपसायला, रीफ बांधायला वेळ मिळतो. पाचव्या पायरीवर सगळी शिडे खाली घेऊन वल्ही हातात घ्यायची किंवा नांगर टाकायचा. आणि शेवटची पायरी, जी खरे तर पहिली आहे, ती म्हणजे पाण्यात न उतरणे.

या शेवटच्या पायरीला भित्रेपणा म्हणणाऱ्यांनी कोकणातल्या कोळी बांधवांकडे पाहावे. समुद्राशी त्यांच्याइतकी जवळीक कुणाची असेल? पण पावसाळा तोंडावर आला की ते होड्या ओढून किनाऱ्यावर शाकारून ठेवतात आणि नारळी पौर्णिमेला नारळ अर्पण करूनच पुन्हा दर्यावर निघतात. पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक बोटींसाठी १ जून ते ३१ जुलै अशी सरकारी मासेमारीबंदीही असते. कोळ्याला कुणी घाबरट म्हणत नाही. वारा वाहील तशी पाठ द्यावी, हे त्याला पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे.

आता दुसऱ्या कारणाविषयी, म्हणजे आपल्या स्वभावाविषयी. हा भाग लिहिताना मला थोडा संकोच वाटतो, पण लिहिल्याशिवाय लेख पूर्ण होणार नाही.

गेल्या उन्हाळ्यात एका शिबिरात एक बोट उलटली. मी तेव्हा काठावर पुढच्या फेरीची वाट पाहत उभा होतो. बोटीत एक सीनियर आणि आठवीतला एक ज्युनियर होता. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे दुपारनंतर अंधड कसे उठते, हे रायपूरकरांना सांगायला नको. पलीकडच्या काठावर धूळ वर चढली, झाडे पांढुरकी दिसू लागली, कारण पानांची पाठ उलटी झाली होती. दोन-तीन मिनिटांत वारा बोटीपर्यंत आला आणि ती आडवी झाली. दोघांनी लाइफ जॅकेट घातली होती, दोघे बोटीला धरून राहिले, मदतीची बोट लगेच पोहोचली. कुणाला खरचटलेही नाही. संध्याकाळी तो ज्युनियर मला म्हणाला की धूळ त्याने आधीच पाहिली होती. मग बोलला का नाहीस, असे मी विचारले. तो म्हणाला, "सीनियर कुछ बोले नहीं, तो मैं कैसे बोलता?"

या वाक्यात त्या मुलाची चूक मला दिसत नाही. त्या सीनियरचीही नाही, कारण तो शिडाकडे आणि सुकाणूकडे पाहत होता, त्याची पाठ त्या काठाकडे होती. आपण ज्युनियरला शिकवतो की विचारल्याशिवाय बोलू नये. परेडवर ते योग्य आहे. पण बोटीत जो पुढे बसतो त्याला जे दिसते, ते मागे बसणाऱ्याला दिसत नाही. लहान बोटीत डोळ्यांच्या दोनच जोड्या असतात. त्यांतली एक जोडी शिस्तीच्या नावाखाली गप्प बसवली तर बोट अर्धी आंधळी होते.

म्हणून माझी मुख्य सूचना अशी आहे : बोटीत 'रीफ' हा शब्द उच्चारण्याचा अधिकार सर्वांत लहान कॅडेटलाही असावा. तो शब्द ऐकला की आधी शीड कमी करायचे, चर्चा किनाऱ्यावर. कारण विचारायचे नाही, हसायचे नाही, संध्याकाळी हाउसमध्ये चिडवायचे नाही. गोळीबाराच्या रेंजवर हा नियम आपण आधीपासून पाळतो. धोका दिसला तर कुणीही 'थांब' म्हणू शकतो आणि सगळी रेंज थांबते. तिथे कुणी विचारत नाही की ओरडणारा कितवीत आहे. पाण्यावर वेगळा नियम कशासाठी?

माझ्या मताविरुद्ध काय बोलले जाते, तेही मी ऐकले आहे. पहिला आक्षेप शर्यतीचा. शीड लहान केले तर वेग जातो आणि नंबर जातो, असे म्हणतात. हे अर्धेच खरे आहे. फार कललेली बोट आडवी घसरते, तिचे सुकाणू पाण्याला अडवत राहते आणि ती सरळ जाण्याऐवजी झगडत बसते. जोराच्या वाऱ्यात कमी शिडाची पण सरळ उभी बोट पुष्कळदा पुढे निघते. आणि उलटलेल्या बोटीचा वेग तर शून्यच असतो.

दुसरा आक्षेप साधनांचा. शर्यतीसाठी वापरतात त्या शिडांना बहुधा रीफची छिद्रेच नसतात, मग शिकवणार कशावर? हा आक्षेप मला पटतो, पण त्यावर इलाज आहे. सरावाच्या एखाद्या जुन्या शिडाला छिद्रांची एक रांग आणि दोन मजबूत कड्या बसवून घेता येतील. शर्यतीचे शीड तसेच राहू द्या. सरावाचे शीड वेगळे असावे.

तिसरा आक्षेप पाण्याचा. रायपुरात रोज बोट कुठून आणायची? माझे उत्तर असे की शीड आखडायला पाणी लागतच नाही. बोट ट्रॉलीवर ठेवून मैदानावर वाऱ्याकडे तोंड करून उभी करा, मंद वाऱ्याच्या सकाळी शीड चढवा आणि रीफचा सराव करा. आपण रायफल उघडणे-जोडणे खोलीत शिकतो, युद्धभूमीवर नाही. डोळ्यांवर पट्टी बांधून बोल्ट बसवणारे कॅडेट आपल्याकडे आहेत. तेच हात डोळे मिटून पुढची कडी आकड्यात अडकवायला शिकतील. ज्या दिवशी खरा वारा सुटेल, त्या दिवशी डोके घाबरले तरी हात घाबरणार नाहीत.

या सगळ्यात शौर्य कुठे आहे, असे विचारणाऱ्यांसाठी दोन-तीन नावे सांगतो. शिडाच्या बोटीतून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करणारे पहिले भारतीय म्हणजे नौदलाचे कमांडर दिलीप दोंदे. ऑगस्ट २००९ ते मे २०१० या काळात त्यांनी मुंबईहून निघून फ्रीमँटल, लिटलटन, पोर्ट स्टॅनली आणि केपटाउन असे चार थांबे घेत मुंबई गाठली. या मोहिमेमागची प्रेरणा होती १९७१च्या युद्धातले वीरचक्रविजेते, निवृत्त व्हाइस ॲडमिरल मनोहर आवटी यांची. बोट होती ५६ फुटी 'म्हादेई', रत्नाकर दांडेकर यांच्या गोव्यातल्या यार्डात बांधलेली आणि गोव्याच्याच नदीचे नाव धारण केलेली. एवढ्या मोठ्या बोटीवर मदतीला दुसरा माणूस नाही. मध्यरात्री वारा वाढला की उठायचे कुणी आणि शीड कमी करायचे कुणी? ज्याने उभारले त्यानेच. जो एकटा जगाला फेरी मारतो, त्याची परीक्षा शीड वेळेवर उतरवण्यात रोज होत असते. अलीकडे लेफ्टनंट कमांडर दिलना के. आणि लेफ्टनंट कमांडर रूपा ए. या दोघींनी 'तारिणी'तून २ ऑक्टोबर २०२४ ते २९ मे २०२५ या काळात गोवा ते गोवा प्रदक्षिणा पूर्ण केली. दोघींच्या बोटीतही वाऱ्याशी तोच हिशेब रोज मांडावा लागतो.

शीड कमी केले की सगळे संकट टळते, असा माझा दावा नाही. ऑगस्ट १९७९ मध्ये इंग्लंडजवळच्या फास्टनेट शर्यतीत ३०३ बोटी निघाल्या आणि वादळात सापडल्या. शर्यतीतले १५ जण मृत्युमुखी पडले. खलाशांनी २४ बोटी सोडून दिल्या होत्या, पण त्यांपैकी पाचच बुडाल्या, बाकीच्या नंतर तरंगताना सापडल्या. बोट सोडून पोहत जाऊ नये, हा आपल्याला शिकवला जाणारा नियम किती मोलाचा आहे, ते यावरून कळते. कमांडर अभिलाष टॉमी हे तर विनाथांबा एकट्याने प्रदक्षिणा केलेले अनुभवी दर्यावर्दी. तरीही सप्टेंबर २०१८ मध्ये गोल्डन ग्लोब शर्यतीत दक्षिण हिंदी महासागरातल्या वादळाने त्यांच्या 'थुरिया'ची डोलकाठी मोडली आणि पाठीला गंभीर दुखापत झाली. फ्रान्सच्या 'ओसिरिस' या जहाजाने त्यांना वाचवले. पुढे २०२२ मध्ये ते पुन्हा त्याच शर्यतीत उतरले आणि २०२३ मध्ये दुसरे आले. निसर्ग कधी कधी सगळे हिशेब मोडतो. पण गंगरेलसारख्या पाण्यावर, दुपारच्या वाऱ्यात, ज्या बोटी उलटतात त्यांतल्या बऱ्याचशा महासागरी वादळाने उलटत नाहीत. पाच मिनिटे आधी दोर सोडला नाही म्हणून उलटतात.

मराठी मुलांना हा विचार परका वाटू नये. १६६५च्या पुरंदरच्या तहात शिवाजी महाराजांनी २३ किल्ले दिले आणि १२ राखले. त्या दिवशी मिर्झाराजांच्या छावणीत कुणाला वाटले असेल की हे राज्य संपले. पाच वर्षांनी, १६७० पासून, किल्ले एकेक करून परत येऊ लागले आणि १६७४ मध्ये रायगडावर राज्याभिषेक झाला. वादळ अंगावर असताना जेवढे पेलेल तेवढेच शीड त्यांनी ठेवले. आणि सिंहगड परत आला तेव्हा महाराज काय म्हणाले, हे आपण लहानपणापासून ऐकतो : गड आला, पण सिंह गेला. त्या उद्गारात दुःख आहे. माणूस गमावून मिळालेला विजय त्यांना बोचला होता. आपल्या घोषवाक्यांच्या भिंतीवर कुठेतरी यालाही जागा हवी.

तेव्हा आदरणीय इन्स्ट्रक्टर सरांना माझी विनंती आहे की पुढच्या सत्रात पाण्यावर जाण्याआधी मैदानावर रीफचा सराव ठेवावा, सरावाच्या एका शिडाला छिद्रे करून घ्यावीत आणि 'रीफ' म्हणण्याचा अधिकार ज्युनियरला लेखी द्यावा. लेखी अशासाठी, की तोंडी दिलेला अधिकार सीनियरच्या एका नजरेत विरघळतो. शर्यतीच्या गुणपत्रकात शीड योग्य वेळी कमी करण्याला गुण ठेवले, तर मुले ते आपोआप शिकतील. गुणांसाठी आम्ही काय वाट्टेल ते शिकतो!

पालकांनाही एक विनंती. शिबिरातून घरी फोन केला की पहिला प्रश्न येतो, "कितवा नंबर आला?" कधीतरी, "वारा वाढला तेव्हा काय केलंस?" असेही विचारा. मुलाने सांगितले की आम्ही जिब उतरवले आणि हळूहळू परत आलो, तर त्याला शाबासकी द्या.

आणि माझ्या ज्युनियर मित्रांनो, तुम्हाला एवढेच सांगतो. पलीकडच्या काठावर धूळ दिसली, पाणी काळवंडले, पांढरे तुरे उठले, तर मागे बसलेला सीनियर कोणीही असो, मोठ्याने सांगा. हा लेख लिहिणाऱ्याच्या बोटीत बसला असाल, तर त्याहूनही मोठ्याने सांगा. मी आधी शीट सोडेन. बाकी आपण किनाऱ्यावर बोलू.